दोन दिवसांत सुजलेला पाय

अनिता पेणजवळच्या जोहे गावची. ती भाताच्या शेतावर मजुरीला जायची आणि नवरा भरत गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. बाई बोलायला फटकळ. १९९६ साली भरतच्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा मालकाने त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणे, गिऱ्हाइकं मूर्ती घेणार नाहीत. ही थेट कारखान्यात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याच्या हातानं देव बाटतो व्हय? मग बारा वरसं डोळे कोनी रंगवले?"

पुढच्या वर्षी भरत तापाने महिनाभर अंथरुणाला खिळला. त्यातच डावा पाय सुजला. पेणच्या ज्या खासगी दवाखान्यात त्याला आणलं, तिथे मी नर्स होते. त्याची खाट व्हरांड्याच्या टोकाला टाकली. केसपेपरवर एचआयव्हीची खूण म्हणून लाल शाईचा मोठा गोल. डॉक्टर दारातच थांबले. डासांच्या खाडीपट्ट्यातला माणूस, सुजलेला पाय; लांबूनच म्हणाले, "हत्तीरोग."

"सायब, माझ्या सासूला हत्तीरोग हाय," अनिता म्हणाली. "तिचा पाय सुजायला वरसं लागली. याचा परवा चांगला व्हता. जरा हात लावून बघा, गरम लागतोय."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "आता हीच शिकवणार आम्हाला!"

शिकवतच होती हो ती, आणि बरोबर शिकवत होती! एकच पोटरी अशी अचानक सुजली, गरम लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. एचआयव्ही झालेल्या माणसात, त्यातून तो पडून असेल तर, हा धोका आणखी वाढतो. ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, मान्य. पण पोटरी दाबून बघायला काय लागतं? हातमोज्यांची अख्खी पेटी कपाटात पडून होती.

तीन दिवस अनिता येईल-जाईल त्याला तेच सांगत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी भरत उठला, छाती धरून खाली बसला, धापा टाकू लागला आणि दहा मिनिटांत गेला.

रोह्याहून आठवड्याला येणारे म्हातारे सर्जन दुपारी आले. त्यांनी चादर बाजूला केली, मयताच्या दोन्ही पोटऱ्या चाचपल्या. म्हणाले, "गुठळी सुटून फुप्फुसात गेली असणार. पहिल्याच दिवशी रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली असती तर वाचलाही असता." मला संताप आला, पण कुणावर काढणार?

आमच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर एकच शब्द लिहिला, एड्स. तो कागद द्यायला मला पाठवलं.

"काय लिवलंय?" अनिताने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"आजार व्हताच. पन तो पायानं गेला. पाय लिवा."

"ते माझ्या हातात नाही गो."

तिने कागद घेतला नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, तुमी तरी लावलेला का हात त्याच्या पायाला?"

ते सगळे दिवस त्याच्या गोळ्यासुद्धा मी दुरूनच अनिताच्या ओंजळीत टाकल्या होत्या.