न उचललेले फोन

आफ्रिकेला जायचं ठरलं तेव्हा मी मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. बीटी कपाशी येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं कापूस असा आला की जिनिंगच्या आवारात गाड्यांना जागा पुरायची नाही. पुढे शेतातलं चित्र बदलत गेलं, फवारण्या वाढल्या, झाडं अर्ध्यातच थकायला लागली. पण कापसातून सरकी काढणारे रेचे जुळवणाऱ्या माणसाला काम होतं. आमच्या जिनिंगला यंत्रं पुरवणाऱ्या कारखान्यानं टांझानियाला यंत्रं विकली होती आणि ती बसवायला त्यांना कसलेले फिटर हवे होते. मालकानं माझं नाव सुचवलं. पोळा झाला की निघायचं, दिवाळीनंतर परत.

घरी बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मी कधी नागपूरच्या पलीकडे गेलो नव्हतो. विमानाची मला भीती वाटली नाही, फोनची वाटली. जिनिंगमध्ये येणारे एक इंजिनिअर दहा दिवस परदेशी जाऊन आले होते. तिकडे घरचे फोन नुसते उचलले म्हणून आलेलं बिल त्यांनी फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा दाखवलं होतं. आलेला फोन उचलला तरी पैसे आपलेच जातात, हे मला तेव्हा कळलं.

स्टेशन रोडवर एक घड्याळवाले चाचा होते. आधी घड्याळं, मग रेडिओ, मग मोबाइल, अशी त्यांची दुरुस्ती बदलत गेली. डोळ्याला लावायचं भिंग मात्र तेच. तरुणपणी अकरा वर्षं ते जेद्दाच्या एका घड्याळाच्या दुकानात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा फोन हातातसुद्धा घेतला नाही.

"घरवालीले घेऊन ये," म्हणाले. "फोन तिले करायचा हाय. तुले एकट्याले शिकवून काय फायदा?"

आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही चौघं त्यांच्या दुकानात गेलो. चाचांनी आधी माझ्या फोनमधलं इंटरनेट बंद केलं. मग काहीतरी आकडे दाबून कॉल दुसरीकडे वळायची सोय काढून टाकली. "हे राह्यलं ना, तर तू उचलला नाई तरी पैसे कटतात," ते म्हणाले. दुसरा एक जुना, बटणांचा फोन त्यांनी कपाटातून काढला. त्यात तिथलं सिमकार्ड टाकायचं आणि मीच घरी फोन करायचा. आपलं इथलं कार्ड चालू ठेवायचं, पण त्यावर आलेला फोन उचलायचा नाही.

"मंग तो चालू काऊन ठेवायचा?" बायकोनं विचारलं.

"तुह्यासाठी, बेटी. एकदा वाजवून कट केला, म्हणजे घरी सगळं बरं हाय. लागोपाठ दोनदा, म्हणजे जमेल तवा फोन करा. अन् तीनदा म्हणजे हातातलं काम सोडा."

तिकडे मेसेज फुकटात यायचा, हेही त्यांनी सांगितलं. पण तिच्या फोनवर सगळी अक्षरं इंग्रजी, आणि मुलींना अजून ती जुळवता येत नव्हती. म्हणून घंटीच बरी.

मग त्यांनी आमची तालीम घेतली. मला रस्त्यापलीकडे रसवंतीजवळ उभं केलं आणि बायकोला दुकानात बसवलं. एक घंटी. मी हात वर केला. दोन घंट्या. पुन्हा हात. तिसऱ्या खेपेला माझा अंगठा सवयीनं हिरव्या बटणावर गेला आणि मी "हॅलो" म्हणालो. मुली पोट धरून हसल्या. चाचा दारातून ओरडले, "झालं! गेले पैसे!" आणि आम्हाला पहिल्यापासून सगळं करायला लावलं.

मी पैसे काढले तर त्यांनी घेतले नाहीत. त्यांची आई अंगठा लावणारी होती, म्हणून जेद्दाला असताना ते पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. गावाकडे येणारा कोणी भेटला की त्याच्या हातात द्यायची. आईची एकच कॅसेट परत आली. तिच्यात अर्धा वेळ ती कोंबड्यांवर ओरडत होती. "तेवढीच ऐकत बसायचो," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आम्ही यंत्रं बसवली ते गाव एका अफाट तलावापासून तासाभरावर होतं. कापूस तिथलाही पांढराच, पण माती तांबडी. माझ्यासोबत खानदेशचा एक फिटर होता. त्यानं आमच्या घंट्यांची थट्टा केली आणि घरच्यांशी तासन्‌तास बोलला. आठवड्यानं बिल फुगलं म्हणून मोबाइल कंपनीनं त्याचा फोन बंद केला. मग तो मुकाट्यानं माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मलेबी सांग ना भो, ते एक-दोन-तीन." तिथलं कार्ड घालून त्यानं बायकोला पहिला फोन केला तो ही गोष्ट समजवायलाच.

रोज तिथल्या दुपारी चारच्या सुमारास माझा फोन एकदा वाजायचा. तेव्हा आमच्या गावात दिवेलागण झालेली असायची. स्क्रीनवर घरचा नंबर चमकायचा आणि विझायचा. तेवढ्यानं माझा दिवस सरळ व्हायचा. रविवारी मी दुसऱ्या फोनवरून बोलायचो.

ऑक्टोबर संपत आला असताना एकदा भर सकाळी फोन वाजला. मी यंत्राच्या डोक्यावर चढून पट्टा ताणत होतो. वाजला, थांबला, वाजला, थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी पाना तिथेच टाकला.

मी उतरलो आणि दुसरा फोन काढला, तर त्यातला बॅलन्स संपलेला. रिचार्जची कार्डं विकणारं दुकान तीन मैलांवर. वजनकाट्यावर एक पोक्त बाई बसायच्या. तिथे वयानं मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. आम्हाला पहिल्यांदा हसू आलं होतं, मग सवय झाली. मी त्यांना खुणेनं फोन दाखवला, "घर, इंडिया," एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आपला फोन माझ्या हातात ठेवला.

"काय झालं?" घरी फोन लागताच मी ओरडूनच विचारलं.

"पोरी बऱ्या हायेत," बायको आधी म्हणाली. "पऱ्हाटी लाल पडून राह्यली. चारी एकर. आजूबाजूचीबी तशीच. पानं गळून राह्यली. कोणी म्हणते औषध मारा, कोणी म्हणते उपटा. मले काही समजेना, अन् रविवारपर्यंत थांबवत नव्हतं."

इतक्या लांबून झाड दिसत नाही. मला तिला शहाणपण सांगता आलं असतं, पण त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली, की शेत तिनं पाहिलंय, मी नाही.

"तुले काय वाटते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "औषधाले आता पैसा घालू नोय. फुटलेली बोंडं येचून घेते, मंग उपटते. हिरीले पाणी हाय. हरभरा पेरते."

"पेर."

"खरंच?"

"हाव. तू म्हणते तेच बरोबर हाय."

फोन परत देताना मी खिशात हात घातला. मामांनी माझा हात धरून खिशातच ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मला त्यांच्या भाषेत 'आभार' एवढा एकच शब्द येत होता. तो मी तीन-चारदा म्हणालो.

दिवाळीनंतर परतलो तेव्हा शेतात हरभरा वीतभर झाला होता. कापूस जेमतेम आला, त्या वर्षी सगळ्यांचाच गेला. हरभऱ्यानं आम्हाला उभं ठेवलं.

चाचांसाठी मी तिकडच्या लवंगा आणल्या होत्या. पुडी देताना बायको सोबत होती. तिनं मला न सांगितलेली गोष्ट तिथे सांगितली. ऑक्टोबरात तिच्या कार्डाची मुदत संपत आली होती, तिच्या ध्यानातही नव्हतं. चाचांनी ती तारीख आपल्या वहीत लिहून ठेवली होती आणि आदल्या दिवशीच परस्पर रिचार्ज मारलं होतं. नाहीतर त्या सकाळी तिचा फोन लागलाच नसता.

"चाचा, हे काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

त्यांनी पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले. "असल हाय," म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.