टाकीतलं नायट्रेट आणि आईचं जेवण

घरच्या टाकीत समुद्री मासे नि प्रवाळ पाळणाऱ्या रीफ टँकवाल्या मित्रांनो, पाणी बदलूनही नायट्रेट का वाढतंय, असं मी इथे ग्रुपवर सारखं विचारत होतो. प्रवाळ मिटून बसले होते, मला झोप नव्हती.

आज दुपारी कंपनीतून लवकर घरी आलो. जेवायला बसण्याआधी आई टाकीत नवापूरच्या किनाऱ्यावरचा सुका जवळा कुस्करून टाकत होती!

"आई, उरलेला जवळा तळाशी कुजतो. त्यानेच नायट्रेट वाढतं, प्रवाळ मरतील."

"मासा काचेला तोंड लावून माज्याकडं बघत ऱ्हातो. त्याला टाकून मी कशी जेवू? तू तर चिमटीभर घालतोस, कंजूस!"

पुन्हा पाणी बदललं. आता माझी सकाळची चिमूट बंद. तीच दुपारी आई घालेल, मग जेवेल.

तुमचंही नायट्रेट उतरत नसेल तर आधी बघा, घरात माशाच्या आधी कोण जेवत नाही?