शिट्टीच्या दोऱ्या

चिंचवडच्या शाळेत मी नवीन लागले, त्या वर्षी गाइडचं पथक माझ्याकडे आलं. नव्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे मुख्याध्यापिकांना पक्कं ठाऊक होतं. देहूरोडला मेळावा होता आणि बावीस मुलींना गळ्यात शिट्टी अडकवायला गाठींची दोरी, म्हणजे लॅनयार्ड, हवी होती. पुण्यातल्या दुकानदाराने महिनाभराचा वायदा केला. मेळावा तर तीन आठवड्यांवर. मग मी पांढरी सुती दोरी आणली आणि पुस्तकातलं चित्र बघत स्वतःच गाठी मारायला बसले.

पट्टी सपाट व्हायच्या ऐवजी चकलीसारखी पिळत गेली. चारदा सोडवली, चारदा तेच.

शेजारच्या खोलीत मालवणकडचं जोडपं राहायचं. नवरा कंपनीत. बायको फारशी कुणाशी बोलत नसे, कारण नळावर बायका तिच्या बोलण्याची नक्कल करत. एकदा मीही हसले होते. त्या दुपारी ती माझ्या दारात थांबली.

"बाई, ह्या काय करतास?"

"गाठी मारतेय. पण सगळं पिळतंय बघा."

ती आत आली, फरशीवर बसली, दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला. "तुमी दर वेळेक डावीच दोरी वर घालतास. एकदा डावी, एकदा उजवी. मगे बगा."

तिचे वडील मासे धरायची जाळी विणायचे, तीही त्यांच्याजवळ बसून शिकलेली. बोलता बोलता वीतभर पट्टी झाली, अगदी सपाट. नळावरचं हसणं आठवून मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "माझ्या मुलींना शिकवाल?"

शनिवारी बावीस मुली आमच्या व्हरांड्यात पाय पसरून बसल्या. दोन शनिवारांत सगळ्या दोऱ्या तयार.

मेळाव्याला मी तिला बळेच नेलं. तपासणीच्या बाईंनी एकीची दोरी हातात घेतली. "कुठून मागवल्या?"

"आम्हीच केल्या. काकींनी शिकवलं."

"कुठे आहेत काकी?"

सगळ्यांची बोटं एकदम मागे वळली. मला वाटलं, आता ही पळते! पण तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि भर मैदानात बसून गाठी मारून दाखवल्या. कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या त्या बाईही तिच्यासमोर गवतावर बसल्या. "पुढच्या महिन्यात आमच्या शिबिराला येणार का?" त्यांनी विचारलं.

"येतंय," ती म्हणाली. नवऱ्याला विचारते, असंसुद्धा म्हणाली नाही.

परतीच्या बसमध्ये ती एकटीच बोलत होती. वडील, होडी, सुरमई, बांगडा. निगडी यायच्या आत तिने मला रविवारी जेवायला बोलावलंसुद्धा. मी मासे खात नाही, हे सांगायला तिने मला सवडच दिली नाही.

रविवारी धास्तावतच गेले, तर ताटात काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे.

"तुमका कसं कळलं?" मी तिच्याच बोलीत विचारून पाहिलं.

"नळावरच्या बायकांनी सांगितल्यानी," ती म्हणाली, आणि माझं मालवणी ऐकून पोट धरून हसत सुटली.