आडवा ठेवलेला तुकडा

आमच्या वन्सं चौतीस वर्षं एकच काम करत होत्या. माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून कुणी विचारलंच तर मी सांगायचे, "इस्पितळात आहेत, ऑफिसात." त्या मागून यायच्या आणि हसत म्हणायच्या, "वहिनी, ऑफिसात काय? मी मेणबाई आहे, मेणबाई म्हणा."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मी बावीसची. आठ वर्षांच्या पोरीला अहो-जाहो करायचं म्हणजे काय शिक्षा असते ते मला विचारा. नाक पुसायचं तरी "वन्सं, शिंकरा." पण मान तो मान. पुढे सासू गेली, सासरे गेले, माझा नवरा गेला, माझी मुलं आपापल्या संसाराला लागली, नातवंडं झाली, आणि घरात आम्ही दोघीच उरलो, वहिनी आणि वन्सं. त्यांनी लग्न केलं नाही. दोन स्थळं आली होती. एकाने विचारलं, हे काम सोडाल का. दुसऱ्याने विचारलं, हात नीट धुता ना. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

काम त्यांनी मला नीट समजावलं होतं. मी चौथी शिकलेली, पण डोकं काही गहाण टाकलेलं नाही. कातडीवर वाईट तीळ आला की डॉक्टर तो काढतात आणि बाटलीत घालून यांच्याकडे पाठवतात. तो तुकडा एवढासा, डाळीच्या दाण्याएवढा. तो पातळ मेणात बसवायचा, मेण गार झालं की यंत्राच्या पात्याने त्याचे काप काढायचे, केसाहूनही बारीक, आणि ते काचेवर घ्यायचे. मग डॉक्टर दुर्बिणीतून बघतात की रोग कातडीत किती खोल उतरलाय. रुंद किती, काळा किती, याला तेवढी किंमत नाही. खोल किती, ते महत्त्वाचं. एका मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं म्हातारी होऊन मरतात. तीन-चारच्या पुढे गेलं की बोलताना डॉक्टर खाली बघतात.

"म्हणून तुकडा उभा बसवायचा असतो, वहिनी," त्या म्हणायच्या. "कडेने कापला तरच खोली दिसते. आडवा ठेवला तर नुसता वरचा थर कापला जातो. पुस्तक मिटलेलं वरून बघितलं तर पानं किती ते कळेल का?"

या एका गोष्टीने त्यांना सवयच लागली होती. घरात केक आणला तरी आधी कडेने बघणार. मी म्हणायचे, "वन्सं, खा की. त्याला काही झालेलं नाही." त्यावर आम्ही दोघी हसायचो. आता तो विनोद घरात कुणी करत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक तरुण डॉक्टरीण आली. तिचं संशोधन चाललं होतं. गेल्या वीस वर्षांत ज्यांचे असे तीळ काढले, त्यातले कोण जगले, कोण गेले, आणि ते आधीच कशावरून ओळखता आलं असतं. खोली, वर जखम फुटली होती का, रोगाच्या पेशी किती वेगाने वाढत होत्या, वय, बाई की पुरुष, तीळ पाठीवर की पायावर, सगळं तिने लिहून काढलं होतं. बहुतेकांचं गणित बरोबर बसत होतं. नऊ जणांचं बसत नव्हतं. त्यांचा रोग पातळ होता, तरी ते गेले होते.

"मावशी, या नऊ जणांत काहीतरी आहे, जे आपल्याला अजून दिसलेलं नाही," ती वन्संना म्हणाली. "त्यांची जुनी मेणं शोधून द्याल? नव्याने काप काढू."

वन्संना ती पोरगी फार आवडली. घरी आल्या की नऊ जणांचंच बोलणं. "वहिनी, यातून काही सापडलं तर पुढे किती लोक वाचतील!" मेणं सगळी कपाटात जपून ठेवलेली असतात, नंबर घालून. त्या रोज एक शोधायच्या, रोज एक कापायच्या.

सहावं मेण हातात घेतलं आणि त्यांना कळलं. त्या मला नंतर म्हणाल्या, आपल्या हाताची शिवण जशी आपण ओळखतो तसं ते मेण त्यांनी ओळखलं. चौदा वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच हातचं. आणि तुकडा आडवा होता.

कसं झालं ते त्यांनी उलगडून सांगितलं. त्यांच्या लॅबमध्ये पद्धत अशी, की कापणारे डॉक्टर तुकड्याच्या एका बाजूला काळ्या शाईचा ठिपका लावायचे. ठिपक्याची बाजू खाली ठेवायची, पात्याकडे, म्हणजे तुकडा आपोआप उभा राहतो. चौतीस वर्षं वन्संनी ठिपका बघून तुकडे ठेवले. त्या तुकड्याची शाई मात्र स्पिरिटमध्ये धुऊन गेली होती. आणि वर जो काळा ठिपका दिसत होता, ती शाई नव्हती, तो रोगच होता. रोगाची बाजू त्यांनी पात्याकडे ठेवली. पात्याने वरवरचे थर तेवढे कापले, आणि खोल गेलेलं सगळं मेणातच राहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, "नीट मोजता येत नाही, किमान अर्धा मिलिमीटर." पुढे फाइलमध्ये उतरवताना कुणीतरी "अर्धा मिलिमीटर" एवढंच उतरवलं.

वन्संनी त्या दिवशी मेण वितळवलं, तुकडा चिमट्याने उभा केला, पुन्हा गार केला आणि कापला. काच डॉक्टरणीला दिली. ती बराच वेळ दुर्बिणीतून डोकं काढेना.

"मावशी, हे तीनच्या पुढे आहे."

"हो," वन्सं म्हणाल्या. "तो मी आडवा ठेवला होता. मीच."

वन्संना वाटलं होतं ती ओरडेल. ती उठली आणि तिने यांच्यासाठी खुर्ची ओढली. मग आपल्या यादीतला तो एक नंबर पेनाने खोडला. "यात गूढ काही नाही. म्हणजे आठ राहिले." एवढं बोलून तिचं तिलाच कसंतरी झालं असावं, कारण लगेच म्हणाली, "मावशी, एकट्या तुमची चूक नाही ही. शाई धुऊन गेली, 'किमान' शब्द गळला, परत मेण कापून बघा असं कुणी म्हटलं नाही. चार हातांतून गेलंय ते."

"बरोबर मोजलं असतं तर ती बाई वाचली असती?"

"तीळ पायावर होता, म्हणजे जांघेतल्या गाठी तेव्हाच तपासल्या असत्या. मोठं ऑपरेशन झालं असतं. कदाचित." मग म्हणाली, "शंभर बायांचं मी सांगू शकते. एकीचं नाही सांगता येत."

लॅबचे मोठे साहेबही तेच बोलले, फक्त जास्त लांबवून. दुसऱ्या आठवड्यापासून काळी शाई बंद झाली आणि निळी आली. चौदा वर्षांनी.

वन्संनी घरी येऊन मला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "वहिनी, कुणीतरी मला म्हणायला हवं की चूक तुझी. कुणी म्हणतच नाही." मी म्हटलं, मी म्हणते हवं तर. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय, तुम्ही मला आमटीत मीठ जास्त पडलं तरी म्हणता." पण हसल्या नाहीत.

त्यांचं जेवण तुटलं. हात चालेनात. तुकडा मेणात ठेवायच्या, काढायच्या, परत ठेवायच्या, मेण थिजून जायचं. बरोबरच्या मुलींना म्हणायच्या, "बघ गं, उभा आहे ना?" ज्या मुलींना त्यांनीच शिकवलं, त्या मुली बघून द्यायच्या आणि मान खाली घालायच्या. शेवटी त्यांना बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामावर बसवलं.

मग एक दिवस त्या म्हणाल्या, "मी त्या बाईच्या घरी जाणार." पत्ता रजिस्टरमध्ये होता. तो असा घ्यायचा नसतो. पण त्यांनी घेतला. मी सोबत गेले. त्या म्हणाल्या कशाला, मी म्हटलं कुणी अंगावर धावलं तर दोघींचा मिळून एक तरी धड माणूस होईल.

गेलेली बाई चपलांच्या दुकानात कामाला होती. पोटरीवर तीळ. गेली तेव्हा चौतीस वर्षांची. नवरा पुढे दुसऱ्या गावी गेला. त्या पत्त्यावर तिची थोरली बहीण राहत होती, शिवणकाम करणारी. तिसरा मजला, एकच मोठी खोली, खिडकीशी मशीन, आणि पलंगभर शाळेच्या गणवेशांचे बाह्या नसलेले सदरे. दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला वाटलं आम्ही माप द्यायला आलोय.

वन्संनी उभ्या उभ्याच सांगितलं. पाठ करून आल्या होत्या, तरी दोनदा अडखळल्या. बाईने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. मग म्हणाली, "म्हणजे कापड उलटं धरून कापलं."

"हो."

"माझ्याकडून असं झालं तर मी पदरचं कापड घालून नवं शिवून देते." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही काय देणार?"

वन्सं म्हणाल्या, "काही नाही देऊ शकत. चूक माझी आहे, एवढं सांगायला आले. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

मला वाटलं आता बरसेल. पण ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि विचारलं, "अर्धा मिलिमीटर, असंच लिहिलं होतं ना त्या कागदावर?"

"हो. पण ते चुकीचं—"

"मला पाठ आहे तो कागद." ती आमच्याकडे बघतही नव्हती. "वर्षाने तिच्या जांघेत गाठ आली. मला म्हणाली, ताई, हात लावून बघ. मी बघितली. म्हटलं, अवधाण असेल, पायाला ताण पडला की येतं ते, दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी उठबस करतेस. ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊया. मी कागद काढून तिच्या तोंडापुढे नाचवला. म्हटलं, अर्धा लिहिलंय, वाचता येतं ना? डॉक्टर म्हणतात पातळ आहे, आणि तुझी आपली रोजची कुरकुर. असे पाच महिने. ती दाखवायची आणि मी कागद काढायचे."

"अहो, कागदच चुकीचा होता," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही काय करणार होतात?"

"कागद चुकीचा होता. गाठ तर खरी होती ना? माझ्या या बोटांखाली आली होती ती."

"नाही हो. चूक माझी आहे."

"तुम्ही तिला बघितलंसुद्धा नव्हतं! तुमच्याकडे डाळीएवढा तुकडा आला होता. माझ्याकडे अख्खी बहीण होती."

दोघी एकमेकींच्या हातातून ती चूक ओढून घेत होत्या, आणि मी मध्ये उभी.

शेवटी ती बाई शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते, मशीन लावून मोठ्यामोठ्यांना कळलं नाही, तिथे मला काय कळणार? तेवढ्यावर चाललं होतं माझं." मग वन्संकडे बघून म्हणाली, "तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं." रागाने नाही म्हणाली. एखादीने खिडकी लावून घ्या म्हणावं तसं म्हणाली.

जिना उतरताना वन्सं दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, मला वाटलं होतं ती मला मारेल."

"मलाही तेच वाटलं होतं. म्हणून तर आले."

"मारायला हवं होतं."

मी त्यांचा हात धरून उठवलं. एरवी त्या मला उठवतात.

निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांनी ते पुरे केले नाहीत. डॉक्टरणीचं संशोधन छापून आलं. आठ जणांचं गूढ काही तिला उकललं नाही, आणखी अभ्यास हवा असं तिने शेवटी लिहिलंय म्हणे. तिने एक प्रत पाठवली. वन्संनी ती उघडली नाही.

नंबर कुठून मिळवला देव जाणे, पण महिन्याभराने त्या शिंपीणबाईचा फोन आला. मी चिडले. म्हटलं, आता काय राहिलंय? वन्संनी मला हाताने गप्प केलं. तेव्हापासून आठ-दहा दिवसांनी एक फोन येतो. मला पलीकडचं ऐकू येत नाही, पण ऐकावं लागतच नाही. ती विचारते, गाठ पहिल्यांदा दाखवली तेव्हाच नेलं असतं, तर? वन्सं खोटं बोलू शकल्या असत्या. मी एकदा खुणेने सांगितलंही, म्हणा की काही फरक पडला नसता, त्या बिचारीला सोडा. त्यांनी मान हलवली. एकदा खोटी खोली सांगून झाली आहे, म्हणाल्या.

काल परत आला. मी भाजी निवडत बसले होते.

"नाही सांगता येत हो," वन्सं म्हणाल्या. मग नुसत्या फोन कानाला लावून बसून राहिल्या. फोन आधी कुणी ठेवेना. माझी भाजी निवडून झाली, धुऊन झाली, तरी त्या तशाच बसलेल्या होत्या.