फ्रिजला फिरायला नेणारा माणूस

अमेरिकेत कमी पैशांत आणि कुणाचीही पर्वा न करता काढलेले जे विक्षिप्त सिनेमे असतात, त्यांतली गोष्ट माझ्या कधीच लक्षात राहत नाही. प्रसंग मात्र डोक्यात ठाण मांडून बसतात. भर हायवेवर टेबल मांडून जेवणारं कुटुंब आणि त्यांना सभ्यपणे वळसा घालून जाणारे ट्रक. पाणी नसलेल्या स्विमिंग पूलमध्ये लागलेलं लग्न. पण माझा सगळ्यात लाडका प्रसंग फ्रिजचा, आणि तो मी सासूबाईंच्या संगतीत पाहिला.

फ्रँकफर्टला आमच्या घराजवळ एक छोटं थिएटर आहे. तिथे सोमवारी संध्याकाळी ‘स्नीक’ असतो. म्हणजे तिकीट काढून आत जाऊन बसायचं, सिनेमा कोणता ते सुरू झाल्यावरच कळतं. एरवी ट्राम जरा उशिरा आली तरी कपाळाला आठ्या घालणारे जर्मन लोक हा जुगार हौसेनं खेळतात. आवडला नाही की मुकाट्यानं उठून जातात. शेवटपर्यंत टिकलेले लोक बाहेर पडताना तिकिटाचा तुकडा ‘छान’ किंवा ‘वाईट’च्या डब्यात टाकतात.

सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि महिन्याभरातच परतीचं तिकीट अलीकडचं करून दे म्हणून नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या. कारण आमची लेक. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. आजीनं भूक लागली का विचारलं तरी जर्मन, शाळेचं विचारलं तरी जर्मन. आम्हाला सवय झाली होती, सासूबाईंना नव्हती. भिंतींशीच बोलायचं तर माझ्या साताऱ्याच्या भिंती काय वाईट आहेत, असं त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, कारण अशा गेल्या असत्या तर त्या पुन्हा आल्या नसत्या. नवरा ऑफिसच्या कामासाठी हेर्त्सोगेनआउराख नावाच्या गावी गेला होता. शुक्रवारी परत आला की तो तिकीट बदलणार होता.

त्या सोमवारी घरातली शांतता मला सोसेना, म्हणून मी दोघींना स्नीकला नेलं. एखादा कौटुंबिक विनोदी सिनेमा निघेल अशी माझी भाबडी आशा होती. निघाला अमेरिकन, इंग्रजी, खाली जर्मन सबटायटल्स. पॉपकॉर्न सगळ्यांच्या हाताला यावेत म्हणून लेक आमच्या मध्ये बसली.

सुरुवातीलाच वाळवंटातल्या बंद पेट्रोल पंपावर राहणारा एक माणूस चाकांच्या फ्रिजला कुत्र्याचा पट्टा बांधतो, वर टोपी ठेवतो आणि त्याला फिरायला नेतो. चाकं कुरकुरतात. कितीतरी वेळ एवढंच. प्रेक्षक टॅक्स ऑफिसचं पत्र वाचत असल्यासारखे गंभीर बसले होते.

हा फ्रिजला फिरायला का नेतोय, असं सासूबाईंनी नातीला विचारलं. ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. सासूबाईंनी तोच प्रश्न आणखी मोठ्यानं विचारला. पुढच्या रांगेतून ‘प्स्स्ट’ आलं. इथे वाढलेल्या पोरांना याहून मोठी नामुष्की नाही. लेक खुर्चीत घसरली आणि आजीच्या कानाशी लागून म्हणाली, “आजी, हळू. तो फ्रिज त्याची आई आहे.”

मराठीत म्हणाली. मी चमकून सबटायटल्स पाहिली. त्यांत आईचा पत्ताच नव्हता. कार्टी चक्क थापा मारत होती.

“असं होय,” सासूबाई म्हणाल्या. “मला मेलीला इंग्रजी कुठलं कळायला? तूच सांग बाई पुढचं.”

आता हे सांगायला हवं, की सासूबाईंनी हायस्कूलमध्ये उभा जन्म इंग्रजी शिकवलं आहे. माझ्या मेसेजमधल्या चुका त्या अजूनही काढतात. आजी शाळेत बाई होती एवढंच लेकीला माहीत होतं, कारण सख्ख्या नातीशी इंग्रजीत बोलणार नाही, असा हट्ट धरूनच सासूबाई आल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता पॉपकॉर्न तोंडात टाकला.

मग लेकीनं मोडक्यातोडक्या मराठीत एक वेगळाच सिनेमा रचला. त्यात फ्रिज रुसला, त्याला सर्दी झाली, त्याचं लग्न मोडलं. सासूबाई जिथे तिथे “अगं बाई” म्हणत होत्या. आजूबाजूचे बरेच लोक उठून गेले. ते सिनेमाला कंटाळले की आम्हाला, कोण जाणे.

शेवटी तो माणूस फ्रिजचं दार उघडतो आणि आतला दिवा लागत नाही. तो वाळूत बसून रडतो.

“आता काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“आई गेली,” ती म्हणाली. मग आजीकडे वळून, “आजी, तू पण जाणार ना?”

बाहेर पडताना सासूबाईंनी तिकीट ‘छान’मध्ये टाकलं, लेकीनं ‘वाईट’मध्ये, आणि त्यावरून दोघी घरापर्यंत भांडत आल्या. मराठीत.

शुक्रवारी नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सासूबाईंनी त्याला तो बंद करायला सांगितला. पुढच्या सोमवारी सिनेमा आहे, म्हणाल्या, आणि मला इंग्रजी येत नसल्यामुळे ही माझी नात मला समजावून सांगणार आहे.

“आई, पण तू तर...” त्यानं तोंड उघडलं.

मी टेबलाखालून त्याच्या पायावर जोरात पाय दिला.