सख्खा की मावस

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत नानांच्या अकरा वह्या मांडून त्यांची लेक सकाळपासून बसली होती, आणि दुपार होईस्तोवर आपली आत्या माणूस आहे की कुत्री, हेसुद्धा तिला छातीठोक सांगता येईना.

म्हणजे आत्या माणूसच होती. समोरच्या खुर्चीत बसून चौथी वही वाचत होती. "आत्याला खरूज," तिनं मोठ्यानं वाचलं. "गंधकाचं मलम लावलं. बाकी खोड्या चालू." मग चष्म्यावरून भाचीकडं बघत म्हणाली, "मला जन्मात कधी खरूज झाली नाही, हे कुठंतरी लिहून ठेव. उद्या मंडळवाले छापतील."

नाना जाऊन चार महिने झाले होते. गावाच्या लेखी ते चष्मेवाले. पण कुत्र्यांच्या माणसांत त्यांना मान होता तो विळेशेपटीमुळं. आसपासच्या टेकड्यांवर, खाणींवर, मेंढवाड्यांवर हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या राबत होता. पोट आत गेलेलं, कान ताठ, शेपूट पाठीवर विळ्यासारखी वळलेली. त्याला कुणी जात वगैरे म्हणत नव्हतं, हाड म्हणत होतं. तीस वर्षांपूर्वी नाना खाणकामगारांचे डोळे तपासायला गेले आणि परत आले ते ऑर्डरींच्या कागदांऐवजी काखेत एक मादी घेऊन. तिनं उभा कडा चढताना पाय कुठं टाकला ते ते आठवडाभर बायकोला सांगत होते. बायकोनं आठव्या दिवशी विचारलं म्हणे, की आता हिला नंबर काढून द्यायचाय का.

विळेशेपटीचं मंडळ स्थापन झालं ते याच खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली. कार्यकारिणी पाच जणांची, सभासद तीन. माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायच्या पट्टीनं नाना कुत्र्यांचे डोळे मोजायचे. सुटीच्या दिवशी मिळेल त्या गाडीनं डोंगरवस्त्या पालथ्या घालायचे. हळूहळू लोक आपणहून कुत्रे दाखवायला आणू लागले, आणि तेव्हापासून नाना कडक झाले. आईबापाचा पत्ता नसेल तर नोंद नाही. "कुत्रा चांगला आहे, पण आपला नाही," असं म्हणून त्यांनी भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं. कितीतरी जण त्या वाक्यानं दुखावले ते कायमचे.

असा काटेकोर माणूस, पण कुत्र्यांना नावं ठेवायचा नाही. नातं हेच नाव. खाणीवरची पहिली ती आई. तिला नातवंडं झाली तशी ती आजी, पुढं पणजी. घरात नवं वेत झालं की नाना सगळ्यांकडं त्या पिल्लांच्या जागेवरून बघायचे आणि वहीत सगळ्यांची नावं एक पायरी सरकायची. त्यांच्या डोक्यात हे लख्ख असायचं. डोकं त्यांच्याबरोबर गेलं आणि वह्या तेवढ्या उरल्या.

एरवी लेकीनं त्या बांधून माळ्यावर टाकल्या असत्या. पण धाकटी माजावर आली होती. धाकटी ही पहिल्या मादीच्या रक्तातली शेवटची कुत्री. सातवं लागलेलं. आजचा बारावा दिवस, म्हणजे आज नाहीतर उद्या. त्यानंतर सहा महिन्यांनी ती पिल्लं धरील याची खात्री जनावरांचा डॉक्टर द्यायला तयार नव्हता. नर ठरलेला होता. मंडळाचा चिटणीस, लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याचा चार वर्षांचा कुत्रा नानांच्याच हातचा. आता तो बाहेर दुकानात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, कुत्र्याला पायाशी घेऊन दहापासून बसला होता.

अडलं होतं एवढंच, की तो नर धाकटीचा सख्खा भाऊ की मावसभाऊ. मावस असेल तर नानांच्या नियमात बसत होतं. सख्खा असेल तर नाना भिंतीवरच्या फोटोतून उतरून आले असते.

धाकटीची नोंद सापडली. 'ताईला तीन. धाकटी घरी ठेवली.' नराचीही सापडली, दोन वर्षांनंतरची. 'मावशीला चार. एक नर लिफ्टवाल्याला.' लेकीला हायसं वाटलं. ताई आणि मावशी बहिणी, म्हणजे पोरं मावस. आत्यानं मात्र बोट नाचवलं. मधल्या काळात दुसऱ्या बहिणीचंही एक वेत झालं होतं, आणि त्या पिल्लांच्या जागेवरून बघितलं तर ताईच मावशी. एकीच्या पोरांची आई ती दुसरीच्या पोरांची मावशी. मग चार पिल्लांची ही मावशी कुठली?

त्या नादात वही मागं चाळताना आणखी एक पान लागलं. 'मावशी सकाळपासून रडते. दुपारी थोडं दूध घेतलं.' तारीख लेकीची आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशीची. त्या दिवशी तिची मावशी, आईची सख्खी बहीण, याच घरात होती आणि रडतच होती. दूध तिनं घेतलं होतं का, ते लेकीला आठवेना. आत्यालाही सांगता येईना. कुत्रीही तेव्हा दाराशी पडून असायची, म्हणाली. दोघींनी ते पान तसंच उलटलं.

नक्की काय ते कळलं वहीच्या अगदी शेवटी, नराच्या वेताच्या वजनांच्या तक्त्याखाली, पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळींत. 'दोघी बहिणी एकाच आठवड्यात व्यायल्या. थंडी म्हणून एका खोक्यात ठेवल्या. एकूण सात. कुणाचं कुठलं ते आता सांगता येत नाही. दोघी सगळ्यांना पाजतात.'

लेकीनं तीनदा वाचलं. मधल्या पानावर शाईनं ठसठशीत 'मावशीला चार' आणि इथं हे. बापाचा पत्ता नाही म्हणून लोकांना परत पाठवणाऱ्या माणसाला आपल्याच खोक्यातल्या पिल्लांची आई माहीत नव्हती. रागवावं की हसावं, तिला समजेना.

तिनं वही बाहेर नेऊन लिफ्टवाल्याला दाखवली. त्यानं ओठ हलवत वाचलं आणि कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

"नाना मला म्हणाले होते, डोळे झाकून घेऊन जा," तो म्हणाला. "मावस असेल हो, ताई. निम्मी शक्यता आहेच की."

"निम्मी सख्ख्याचीही आहे."

"मग धाकटी तशीच जाणार?"

वीटभट्टीच्या राखणदाराकडं एक विळेशेपटी आहे, मंडळाच्या नोंदीत नसलेला, हे तिला माहीत होतं. लिफ्टवाल्यालाही होतं. तिच्या मनात काय आलं ते ओळखून तो सावकाश म्हणाला की त्या पिल्लांची नोंद त्याला करता येणार नाही, नियम नानांचाच आहे. हे सांगताना बिचारा तिच्याकडं बघत नव्हता. मग कुत्र्याला घेऊन गेला.

"परक्या घरचा जावई करतात, त्याला कुणी पणजोबाचं नाव विचारतं का?" आत्या म्हणाली. "मंडळ नाही म्हणेल तर म्हणू दे. पिल्लं तर होतील."

"आणि नाना?"

"ते मला काय माहीत? मला तर खरूज झाली होती."

उन्हं कलायच्या आत लेक धाकटीला घेऊन भट्टीवर पोचली. राखणदारानं नानांच्या लेकीला लगेच ओळखलं. त्याचा कुत्रा विटांच्या रासेवर उभा होता, तिथूनच धाकटीचा वास घेत होता. राखणदारानं सांगितलं की नाना याला तीनदा बघून गेले. पहिल्यांदा मोजला आणि म्हणाले, आपला नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पट्टी आणलीच नव्हती. नुसते तासभर बसले, याचं चालणं बघत.

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. पाणी प्यायले अन् गेले."

"याचा बाप?"

"आई तरी कुठं माहितेय. या रासेमागं सापडला, एवढासा."

कुत्रा खाली उतरला. एकही वीट न हलवता उतरला, पण लेकीला त्यातून काय समजायचं ते समजेना. हे बघायला नाना तिसऱ्यांदा आले होते, की नकार पक्का करायला? धाकटी आधी गुरगुरली, मग शेपूट बाजूला करून उभी राहिली. राखणदार अदबीनं पाठ फिरवून चालू लागला. लेकीनं साखळीची कडी काढली. काढल्यावर तिला वाटलं, अजून एकदा कुणाला तरी विचारायला हवं होतं. कुणाला, ते मात्र तिला सुचलं नाही.