देवाशी बोलायची भाषा

“मराठी आम्ही कामवालीशी बोलतो, आँटी. देवाशी नाही.”

असं ती इंग्रजीत म्हणाली आणि माझ्या हातातला कागद घडी घालून मलाच परत दिला. हसत. ती वांद्र्याची. मिस्सात कुणी काय वाचायचं ते ती ठरवायची. नव्वदच्या दशकाची अखेर. कतारमध्ये तेव्हा आपलं चर्च नव्हतं. अल हिलालमधल्या एका व्हिलात रविवारची मिस्सा शुक्रवारी व्हायची, कारण सुट्टी शुक्रवारी. उघड प्रार्थनेला परवानगी नाही, म्हणून गाड्या लांब लावायच्या, खिडक्या बंद, गाणी हळू.

त्या दिवशी तुमचे आजोबा जाऊन महिना झाला, त्याची मिस्सा होती. त्यांच्यासाठी मी प्रार्थना लिहून नेली होती, आपल्या वसईच्या मराठीत. इस्पितळात शेवटचं पाणी त्यांनी मराठीत मागितलं. नर्सला कळलं नाही. मी खाली औषधं आणायला गेले होते.

मी इंग्रजीत शिकलेली. ऑफिसात साहेबांची पत्रं सुधारून देणारी. तरी वाद न घालता कागद पर्समध्ये ठेवला. प्रार्थना तिनेच वाचली, इंग्रजीत. त्यांचं नाव चुकीचं घेतलं.

मिस्सा सांगणारे फादर म्हातारे, युरोपातल्या स्लोव्हेनियाचे. ते कवी आहेत हे थोड्यांनाच ठाऊक होतं. त्यांच्या इंग्रजीलाही लोक मागून हसत. चहाच्या वेळी ते जवळ आले.

“कागदावर काय होतं?”

मी वाचून दाखवलं. त्यांना एकही शब्द कळला नसेल. डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “मी लहान असताना आमच्या गावावर परक्यांचं राज्य होतं. शाळेत आपली भाषा बोललो की छडी. आमचे फादर दार लावून घेत आणि आमच्या भाषेत शिकवत.”

“म्हणून कविता त्याच भाषेत लिहिता?”

“दुसऱ्या भाषेत मला रडता येत नाही.”

“मग माझा कागद का अडवू दिलात, फादर?”

त्यांनी कप खाली ठेवला. “भ्यालो,” म्हणाले. “इथे मी पाहुणा.”

मला त्यांचा राग आला. नंतर कळलं, राग माझा मलाच आला होता. मी कुठे पाहुणी होते? मेलेला माणूस माझा होता.

पुढच्या शुक्रवारी कुणाला विचारलं नाही. विनंत्यांची, म्हणजे लोकांनी प्रार्थना वाचायची, वेळ आली तशी उठले.

“आँटी, प्लीज, बसा,” ती वांद्र्याची म्हणाली.

बसले नाही. वाचलं. वाचून संपलं. मग मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, घरकाम करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांमधून एकीने म्हटलं, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” मग दुसरीने. मग सगळ्यांनी. फादर मान खाली घालून उभे होते. त्यांच्या भाषेत त्यांना उत्तर देणारं तिथे कुणीच नव्हतं.

ते पुढे मायदेशी जाऊन वारले. त्यांची एकही कविता मला वाचता आली नाही.

बाळांनो, तुम्ही फोनवर म्हणता, “आजी, इंग्लिशमध्ये लिही ना.” येतं मला. लिहिणार नाही. हे तुमची आई वाचून दाखवेल.

माझ्या मयताच्या मिस्साला प्रार्थना मराठीत होईल. तुमच्यातलं कुणी वाचणार असेल तर आत्तापासून शिका. नाहीतर ती वेळ शांत जाऊ द्या. तिथे इंग्रजी आणायची नाही.